चित्राच्या मुखी वाणी

24 डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस. गुरुजींचा जन्म 1899 साली कोकणात पालगड येथे झाला, तरी खानदेशाने त्यांना आपले मानले आणि त्यांनीही खानदेशाला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात त्यांनी मुले घडविली आणि 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली अठरा प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. त्यामुळे धुळ्याच्या देवपूर भागातील एखाद्या वसाहतीने गुरुजींच्या जन्मदिवशी संध्याकाळी गच्चीवर पडदा बांधून, आचार्य अत्रे यांनी 1953 साली काढलेला ‘श्यामची आई’ हा बोलपट लहानथोरांना दाखविण्याचे ठरविले, तर त्यात नवल नाही. प्रोजेक्टर आता शाळेत असतो, कचेरीत असतो, पुष्कळदा घरातही असतो. स्पीकर तर गणेशोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक गल्लीत आहेच. राहता राहिला तो या दोहोंचा संसार जुळवून देण्याचा प्रश्न.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पडदा लागतो, चित्र उमटते, मुले टाळ्या वाजवितात, आणि पाच मिनिटांत मागच्या रांगेतील आजी शेजारणीला विचारू लागतात, “काय म्हणाली गं ती?” शेजारीण सांगते, तेवढ्यात पुढचे वाक्य दोघींच्याही हातून निसटते. कोणी उठून आवाज वाढवितो, तो पुढे बसलेली मुले कानांवर हात ठेवतात. आजींना मात्र अजूनही शब्द कळत नाहीत. कळतो तो फक्त गलबला. अर्ध्या तासाने त्या गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि ‘थंडी वाजते’ असे सांगून जिना उतरतात. खरे कारण थंडी नसते. ज्या चित्रपटाचा प्राण आईच्या बोलण्यात आहे, त्यात ते बोलणेच त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नसते.

असे का होते हे समजण्यासाठी एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. पडद्यावर ओठ हलतात आणि त्याच क्षणी शब्द ऐकू येतो, म्हणून प्रेक्षकाला वाटते की चित्र आणि आवाज एकाच ठिकाणाहून निघाले. वास्तविक ते दोघे निराळ्या वाटांनी येतात. त्यांची भेट प्रेक्षकापाशी वेळेवर घडवून आणणे, हीच प्रोजेक्टर मांडण्याची सगळी विद्या होय.

बोलपटाच्या जन्मापासून ही अडचण आहे. 1913 साली मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला तेव्हा चित्राला वाणी नव्हती. पुढे 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. ज्या साली धुळ्याच्या तुरुंगात गीता-प्रवचने झाली, त्याच साली मराठी चित्र बोलू लागले. चित्राच्या फिल्मवरच कडेने एक अरुंद ध्वनिपट्टी छापण्याची पद्धत रूढ झाली. त्या पट्टीतून प्रकाश पाठवावयाचा, तो कमीजास्त होईल तशी वीज कमीजास्त करावयाची आणि त्या विजेने कर्णा बोलता करावयाचा, अशी ती योजना. परंतु चित्र आणि ध्वनी यांच्या स्वभावात मूळचेच वैर आहे. चित्र दिसावयाचे तर प्रत्येक चौकट भिंगासमोर क्षणभर स्थिर उभी राहिली पाहिजे. सेकंदाला चोवीस वेळा फिल्म थांबते आणि पुढे सरकते. आवाज निघावयाचा तर तीच फिल्म जराही न अडखळता, संथपणे वाहत गेली पाहिजे. एकाच जागी थांबणे आणि वाहणे या दोन्ही क्रिया होणे शक्य नाही. म्हणून ध्वनी वाचणारा भाग भिंगापासून दूर बसविला गेला आणि फिल्मवरचा आवाज आपल्या चित्राच्या पुढे छापला जाऊ लागला. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर हे अंतर सुमारे वीस चौकटींचे, तर 16 मिलिमीटरच्या फिल्मवर सव्वीस चौकटींचे असे. सव्वीस चौकटी म्हणजे एका सेकंदाहून थोडा अधिक काळ. फिल्म यंत्रात भरताना जत्रेच्या तंबूतील ऑपरेटरने तिचा वळसा थोडा लहानमोठा ठेवला, की नायिकेचे ओठ मिटल्यावर तिचे वाक्य ऐकू येई. आजच्या यंत्रात फिल्म नाही. वैर मात्र गेलेले नाही. ते कोठे लपले आहे, हे पुढे दिसेल.

प्रथम चित्राची व्यवस्था पाहू. गच्ची बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद आहे असे धरावे. पडदा किती मोठा लावावयाचा हे हौसेने ठरत नाही, ते यंत्राच्या भिंगाने आणि उजेडाने ठरते. प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपुस्तकात अंतर आणि चित्राची रुंदी यांचे प्रमाण दिलेले असते. ते दीड असेल तर तीन मीटर रुंद चित्रासाठी यंत्र पडद्यापासून साडेचार मीटरवर ठेवावे लागते. म्हणजे ते प्रेक्षकांच्या अगदी मध्ये येते. त्यासाठी मधोमध टेबलाची जागा मोकळी सोडून दोन्ही बाजूंना सतरंज्या अंथराव्या. नाही तर प्रत्येक उठणाऱ्या मुलाची सावली श्यामच्या आईच्या अंगावरून फिरत राहील.

उजेडाचा हिशेब त्याहून कडक आहे. चित्राची रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते आणि तोच उजेड चौपट जागेवर पसरून चित्राचे तेज एकचतुर्थांशच उरते. तीन हजार ल्यूमेनचा प्रोजेक्टर तीन मीटर रुंदीच्या पडद्यावर उत्तम चित्र देईल. सहा मीटरच्या पडद्यावर तेच चित्र धुक्यात बुडाल्यासारखे दिसेल. लहान पण तेजस्वी चित्र हे मोठ्या पण निस्तेज चित्रापेक्षा केव्हाही चांगले. यंत्र तिरपे ठेवले तर चित्र एका अंगाला रुंद आणि दुसऱ्या अंगाला निमुळते होते. ते सरळ करण्याची सोय यंत्रात असते, पण ती चित्राचा काही भाग खर्ची टाकूनच काम करते. म्हणून आधी टेबल आणि यंत्र हातांनी सरळ करावे आणि उरलेला बारीक दोष तेवढा बटणाने काढावा.

‘श्यामची आई’सारख्या जुन्या बोलपटाची आणखी एक गोष्ट आहे. त्या काळचे चित्र आजच्यासारखे लांबट नसे. ते जवळजवळ चौरसाकडे झुकणारे असे. आजच्या प्रोजेक्टरवर ते दाखविले की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात. पुष्कळांना हा बिघाड वाटतो आणि ते चित्र ताणून पडदा भरून टाकतात. मग वनमालाबाईंचा चेहरा आणि बालवयातील माधव वझे यांचा श्याम दोघेही उगाच स्थूल दिसू लागतात. काळ्या पट्ट्या तशाच राहू द्याव्या.

पडदा म्हणून जाड पांढरे कापड चालते, मात्र ते वाऱ्यात शिडासारखे फुगते. त्याच्या खालच्या कडेत नळी किंवा काठी ओवून चारी कोपरे ताणून बांधावे. धुळ्याला 24 डिसेंबरला सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो आणि साडेसहाच्या आत पडद्यापुरता अंधार होतो. अडीच तासांचा खेळ असला तरी तो नऊच्या सुमारास संपतो. हिवाळ्याची ही सोय मे महिन्यात नसते. तेव्हा सूर्यच सात वाजता मावळतो, साडेसातपर्यंत पडदा फिका राहतो आणि अडीच तासांचा खेळ दहापर्यंत जेमतेम आटोपतो. दहाची मर्यादा कोणती, ते पुढे येईल.

आता आवाज. प्रोजेक्टरच्या पोटात एक छोटा स्पीकर असतो. तो घरातील खोलीला पुरतो. गच्चीला पुरत नाही. पण त्याचा खरा दोष दुबळेपणा हा नव्हे, जागा हा आहे. तो प्रेक्षकांच्या मध्ये असतो. पुढे बसलेल्यांना आईचा चेहरा समोर दिसतो आणि तिचा आवाज पाठीमागून येतो. डोळे एकीकडे आणि कान दुसरीकडे ओढले गेले की मन दमते. चित्रपटगृहात यासाठी पडद्याला बारीक भोके पाडून मुख्य स्पीकर त्याच्या मागे उभे करतात. गच्चीवरच्या जाड कापडाआड स्पीकर ठेवला तर शब्दांची धार मरते. म्हणून तो पडद्याला अगदी लागून, शक्यतो मधोमध खाली किंवा एका बाजूला असावा. दोन स्पीकर दोन टोकांना लावण्याचा मोह येथे आवरावा. त्या काळच्या या बोलपटाचा ध्वनी एकपदरीच आहे. तो दोन कोपऱ्यांतून ऐकवून काही अधिक मिळत नाही, उलट कडेला बसलेल्यास जवळचा स्पीकरच तेवढा ऐकू येतो.

स्पीकर जमिनीवर ठेवू नये. उघड्यावर आवाजाला परतवून आणणाऱ्या भिंती नसतात. अंतर दुप्पट झाले की तो सहा डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून दोन मीटरवर 74 डेसिबल आवाज असेल, तर चार मीटरवर 68, आठ मीटरवर 62 आणि सोळा मीटरवर 56 उरतो. जमिनीवरच्या स्पीकरचा मारा पहिल्या रांगेवर होतो आणि मागच्या रांगेचा वाटा पुढच्यांच्या अंगांनी अडतो. तोच स्पीकर भक्कम स्टँडवर माणसाच्या उंचीहून थोडा वर चढविला आणि त्याचे तोंड मागच्या रांगेकडे किंचित खाली कलते ठेवले, की पहिल्या व शेवटच्या रांगेतील फरक पुष्कळ कमी होतो. गॅसबत्ती जमिनीवर ठेवली तर जवळच्याचे डोळे दिपतात. खांबावर टांगली तर सर्वांना सारखा उजेड मिळतो. येथेही तोच न्याय आहे.

जोडणीत सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पुढच्या टप्प्यावर. चित्रपट लॅपटॉपवर आहे असे समजावे. लॅपटॉपमधून प्रोजेक्टरकडे जाणारी एचडीएमआय वायर चित्र आणि आवाज दोन्ही नेते. ती जोडताच लॅपटॉप बहुधा आपणहून आवाज प्रोजेक्टरकडे पाठवू लागतो. मग स्पीकरची वायर नीट जोडलेली असूनही तो मुका राहतो. माणसे वायर बदलतात, स्पीकर बदलतात, अखेर ज्याने स्पीकर आणला त्याला दोष देतात. बिघाड कोठेच नसतो; लॅपटॉपच्या आवाजाच्या रकान्यात जाऊन तो हेडफोनच्या वाटेने पाठवावयाचा, एवढेच काम असते. दुसरा मार्ग असा की प्रोजेक्टरलाच आवाज बाहेर देणारे छिद्र असेल तर तेथून वायर स्पीकरकडे न्यावी. याचा लाभ हा की प्रोजेक्टरकडे आलेले चित्र आणि आवाज तेथून बरोबरच निघण्याचा संभव अधिक असतो. कोणताही मार्ग घेतला तरी वायर प्रेक्षकांच्या पायांत येऊ देऊ नये. साडेचार मीटर सरळ अंतर असले तरी कडेकडेने नेण्यासाठी सात-आठ मीटरची वायर हाताशी ठेवावी.

वायरीची कटकट नको म्हणून ब्लूटूथचा स्पीकर लावण्याची चाल आहे. जुने वैर लपले आहे ते येथे. ब्लूटूथ आवाजाची आधी घडी घालते, हवेतून पाठवते आणि पलीकडे ती घडी उलगडते. या उठाठेवीत पुष्कळदा सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग निघून जातो. पाचवा भाग म्हणजे जवळजवळ पाच चौकटी. गाणे ऐकताना हा विलंब कोणाला कळत नाही. पण समोर चेहरा बोलत असेल तर डोळे फार चिकित्सक असतात. आवाज सेकंदाच्या आठव्या भागाने मागे पडला की सामान्य प्रेक्षकालाही काही तरी चुकल्यासारखे वाटू लागते. आवाज चित्राच्या पुढे धावला तर त्याहूनही लवकर, सेकंदाच्या सुमारे बाविसाव्या भागालाच, ते ध्यानात येते. कारण निसर्गात आधी दिसते आणि मग ऐकू येते, याच्या उलट कधी घडत नाही. जत्रेतील ऑपरेटर जे फिल्मच्या वळशाने साधत असे, ते आज चित्रपट चालविणाऱ्या काही प्रोग्रॅममधील आवाज मागेपुढे करण्याच्या सोयीने साधता येते. तरीही पहिला सल्ला एकच: बोलक्या चित्रपटाला साधी वायर बरी.

वायरीचाही एक उपद्रव आहे, तो म्हणजे गुणगुण. लॅपटॉप एका बोर्डावर आणि अँप्लिफायर दुसऱ्या मजल्यावरून ओढलेल्या बोर्डावर असला की दोहोंच्या अर्थिंगमध्ये सूक्ष्म फरक राहतो. तो फरक आवाजाच्या वायरीतून वाहू लागतो आणि स्पीकर भुंग्यासारखा गुंजतो. उपाय असा की सर्व यंत्रांना वीज एकाच बोर्डावरून द्यावी आणि विजेची व आवाजाची वायर शेजारी शेजारी न नेता दूर ठेवावी. ओलांडणे भाग पडले तर आडवी ओलांडावी. गुणगुण थांबावी म्हणून काही जण तीन पायांच्या पिनेतील अर्थिंगचा पाय मोडतात किंवा त्याची वायर सोडवितात. गुणगुण थांबते खरी. परंतु पुढे यंत्राच्या लोखंडी अंगात वीज उतरली, तर तिला जमिनीत जाण्याची वाट उरत नाही. ती वाट मग त्याला हात लावणाऱ्या मुलाच्या शरीरातून जाते. गच्चीवर दव पडलेले असते, पाय अनवाणी असतात. एका संध्याकाळच्या गुणगुणीपायी हे साहस कोणी करू नये.

एवढे झाल्यावरही आजींना शब्द कळेलच असे नाही. कारण येथे प्रश्न यंत्राचा नसून कानाचा आहे. वय वाढते तसे बारीक, उंच स्वर प्रथम ऐकू येईनासे होतात. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर कानी पडतात. पण शब्दाला आकार देणारी ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही व्यंजने हरवतात. म्हातारी माणसे ‘ऐकू येते, पण समजत नाही’ असे म्हणतात ते अक्षरशः खरे असते. अशा वेळी आवाज मोठा केल्याने हरवलेली व्यंजने परत येत नाहीत. घुमणारा खर्ज तेवढा वाढतो आणि उरलेले शब्दही तो झाकून टाकतो. उत्सवाच्या सवयीमुळे आपल्याकडील बहुतेक स्पीकरांचा खर्ज चढविलेला असतो. तो बराच उतरवावा आणि वरच्या स्वरांचे बटण थोडे चढवावे. जुन्या ध्वनिपट्टीची खरखर त्याने किंचित वाढेल, पण शब्द सुटे होतील. वृद्धांना मानाने पहिल्या रांगेत किंवा सोयीने कठड्याजवळ बसवू नये. स्पीकरसमोर तिसरी-चौथी रांग त्यांना द्यावी. आणि डिसेंबरातील खानदेशी थंडीत कानांवर बांधलेले मफलर व कानटोप्या यांचाही विचार करावा. अंगावर एक घोंगडी जास्त दिली तर कान मोकळे ठेवणे त्यांना सोसते.

राहिला शेजारधर्म. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाऊडस्पीकर लावण्यास लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर तो लावता येत नाही. वस्तीच्या भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल व रात्रीची 45 डेसिबल आहे, आणि खासगी जागेतील आवाज तिच्या हद्दीवर या मर्यादेच्या पाच डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. साधे संभाषण एका मीटरवर सुमारे साठ डेसिबलचे असते. म्हणजे मागच्या रांगेत कोणी शेजारी बसून बोलावे इतका आवाज पोहोचला तर तो भरपूर झाला. कायद्याची मर्यादा आणि आजींची गरज यांत विरोध नाही. स्पीकर उंच, शब्द सुटे आणि खर्ज उतरलेला असेल तर थोडक्या आवाजात दोघांचेही समाधान होते. स्पीकरचे तोंड शेजारच्या खिडक्यांऐवजी आपल्याच जिन्याच्या खोलीकडे केले तर आणखी उत्तम. चित्रपट चारचौघांत दाखविण्याच्या हक्काची विचारपूसही आधीच करून ठेवावी.

शेवटी तालीम. ज्या दिवशी खेळ त्याच्या आदल्या संध्याकाळी सर्व मांडणी एकदा करून पाहावी. आधी लॅपटॉप, मग प्रोजेक्टर आणि सर्वांत शेवटी अँप्लिफायर सुरू करावा, तोही आवाजाचे बटण शून्यावर ठेवून. बंद करताना अँप्लिफायर प्रथम बंद करावा, म्हणजे स्पीकरला धक्का बसत नाही. मग गाण्याचा प्रसंग न लावता आई आणि श्याम बोलत आहेत असा एखादा प्रसंग लावावा आणि यंत्र चालविणाऱ्याने यंत्रापाशी उभे न राहता शेवटच्या रांगेत, सतरंजीवर, कोणी वृद्ध माणूस शेजारी घेऊन बसावे. त्यांनी प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखविले तर मांडणी साधली. न म्हणता आले तर आवाजाच्या बटणाला हात लावण्याआधी स्पीकरची जागा, उंची आणि खर्ज हे तीन पाहावे.

तुरुंगाच्या भिंतींआड विनोबांनी जे सांगितले ते आज घरोघर पोहोचले आहे, कारण ते टिपून घेण्यास समोर साने गुरुजी होते. बोलणारा कितीही थोर असला, तरी त्याचा शब्द दुसऱ्यापर्यंत नेऊन देणारा कोणी लागतो. गच्चीवर वायरी जोडणाऱ्या मुलाकडे त्या संध्याकाळी तेच काम आलेले असते. खेळ संपल्यावर आजी जिना उतरताना नातीला आईचे एखादे वाक्य जसेच्या तसे सांगू लागल्या, तर त्या मुलाने आपले काम चोख केले असे समजावे.